निघताना दीड घमेलं

"घाबरेल तो माझा मासा कसला!"

आक्काने हे तळ्याच्या बांधावर उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, मुद्दाम मोठ्याने सांगितलं. समोर बर्फवाला उभा होता. गेली वीस वर्षं आक्काच्या तिन्ही तळ्यांतला मासा हाच माणूस उचलत होता. काढायचा, मारायचा, बर्फात गाडायचा, न्यायचा. आणि नेताना दर वेळी नाक मुरडायचं, जसं काही मासा नव्हे, त्याच्या गळ्यात आक्काने दगडच बांधला!

"जिवंत नेणार?" बर्फवाला म्हणाला. "टाकीत? पाच तास?"

"पाच तास! आणि हसत जाईल. तिकडे उतरला की हॉटेलच्या आचाऱ्यालाच विचारील, काय हो, घरी सगळं बरं आहे ना?"

"वाटेत भ्यायला की मांस चिखलासारखं होतं, आक्का. मग याल माझ्याच दारात."

"तुझ्या दारात? तिन्ही तळी बुजवून बटाटे लावीन, पण तुला यापुढे माशाचा एक खवला दिसायचा नाही!"

बर्फवाला गेला. आक्काची जीभ अशी की एकदा सुटली की मालकिणीलासुद्धा मागे टाकून पळायची. आता ती पळून परत आली आणि तोंडात गपचूप बसली, तेव्हा आक्काच्या लक्षात आलं की आपण वीस वर्षांचं गिऱ्हाईक घालवलं आहे. आणि नवं गिऱ्हाईक अजून मिळालेलं नाही.

हा सगळा उद्योग सुनेचा. सून माशांचं शिक्षण घेऊन आलेली. माशांचं शिक्षण! आक्काला पहिल्यांदा ऐकून वाटलं, मासे शाळेत बसवतात की काय. या सुनेकडे एक निळी वही होती आणि त्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. मासा जिवंत नेताना भ्याला की तडफडतो. तडफडला की अंगातली ताकद जळून जाते. मग त्याचं मांस सैल पडतं, पाणचट होतं, चवीला आंबूस लागतं. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. आणि न भिता पोचला, तर मांस असं घट्ट की दाबलेलं बोटच उडून परत येतं.

"एवढं कळायला वही लागते?" आक्का म्हणाली होती. "पळवून पळवून मारलेल्या कोंबडीला चव नसते, हे मला दूध पिण्याच्या वयात ठाऊक होतं."

पण शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने सुनेला निरोप धाडला: एक गाडी जिवंत मासा आणा. मी स्वतः कापून बघेन. मांस पसंत पडलं, तर तिन्ही तळ्यांचा मासा वर्षभर मीच घेईन. नाही पडलं, तर गाडी फाटकातूनच वळवा.

आक्का तयार झाली, पण अशीच कशी होईल? घरातल्या सगळ्यांसमोर तिने अट घातली. "मासे बिघडले, तर ही वही चुलीत. आणि पुन्हा तळ्याच्या कामात तू तोंड घालायचं नाहीस. कबूल?"

सुनेने उघडी वही मिटली. मग वही पोटाशी धरून म्हणाली, "कबूल, आक्का."

आता वहीतला पहिलाच नियम होता: निघण्याआधी दोन दिवस माशांना खाद्य द्यायचं नाही. पोट भरलेलं असलं तर मासे वाटेत टाकीतलं पाणी घाण करतात आणि त्याच घाणीत त्यांचा श्वास कोंडतो. आक्काने ऐकलं. मान डोलावली. पहिला दिवस दात आवळून काढला.

पण आक्काच्या घराचाही एक नियम होता, आणि तो वहीपेक्षा जुना. या घरातून कोणीही उपाशी पोटी बाहेर जायचं नाही! पत्र टाकायला आलेला टपालवाला जायचा नाही, मीटर बघायला आलेला वीजवाला जायचा नाही. थोरला मुलगा सोळाव्या वर्षी रागावून घर सोडून निघाला होता, तेव्हा आक्काने त्याला दारातून परत ओढून ताटावर बसवलं. पोटभर वाढलं आणि मग म्हणाली, "हं, आता जा पळून." तो तिथेच भिंतीला टेकून झोपला. अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का बांधावरून गेली, तर तिच्या पावलांचा आवाज ओळखून मासे काठाला आले. शेकडो तोंडं पाण्याबाहेर. उघडतात, मिटतात. उघडतात, मिटतात. आक्काने मान फिरवली आणि घरात गेली. रात्री ताटावरून तशीच उठली.

निघायच्या दिवशी पहाटे सगळे टाकी धूत होते. आक्का एकटीच तळ्यावर गेली. पाच तासांचा प्रवास! आणि परतीची वाट तर नाहीच बिचाऱ्यांना. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि एक घमेलं खाद्य ओतलं. मग दिसलं की पुढच्या दांडग्यांनीच सगळं मटकावलं, मागे राहिलेल्यांना दाणाही मिळाला नाही. हा अन्याय झाला! म्हणून आणखी अर्धं.

तासाभराने मासे जाळीने अलगद उचलून टाकीत भरले. थंडगार पाणी, वर झाकण, तळाशी ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे. थोरला स्टिअरिंगला बसला, मध्ये सून, खिडकीशी आक्का. पाठीमागच्या काचेपलीकडे टाकी.

"उगाच दुसरं नळकांडं कशाला घेतलंस?" आक्का म्हणाली. "एक आहे की ऑक्सिजनचं. नुसतं ओझं!"

"असू दे, आक्का. अडीअडचणीला."

"माझ्या गाडीला अडचण येत नसते!"

थोरल्याने गाडी अशी हळू चालवायला घेतली की सायकलवाले ओलांडून पुढे जाऊ लागले. एक तर मागे वळून विचारून गेला, "ढकलू का?" मासा भ्यायला नको म्हणून भोंगा बंद, गाणी बंद, खड्डा आला की तिघंही श्वास धरून. मागून अधूनमधून आवाज यायचा, थप. एखादा मासा शेपूट मारत असेल. आक्काला तो आवाज गोड वाटला. पहिला एक तास.

तासाभराने सून उतरली, टाकीच्या शिडीवर चढली, झाकण उचलून बघून आली. "छान आहेत. पाणी काचेसारखं."

"मग! मासे कोणाचे?"

"उपाशी आहेत म्हणून, आक्का," सून सहज बोलून गेली. "शिकत होते तेव्हा एकदा भरल्या पोटी नेलेली गाडी पाहिली होती. तिसऱ्या तासाला सगळे मासे उलटे तरंगत होते."

आक्काने मागच्या काचेकडे पाहिलं.

"सगळे?"

"सगळे."

"म्हणजे... एखादा तरी सरळ असेल की!"

"एकही नाही. पांढरी पोटंच पोटं. अजून स्वप्नात येतात."

त्यानंतर आक्काला रस्ता दिसेना. समोर झाडं होती की दुकानं होती, देव जाणे! तिला पांढरी पोटंच दिसत होती. तिसरा तास! एक तर झालाच. मागे थप झालं की तिचं काळीज थप व्हायचं, आणि थप झालं नाही की त्याहून जास्त. तिने थोरल्याच्या घड्याळाकडे इतक्या वेळा पाहिलं की त्याने हात मागे घेतला.

सांगून टाकावं? सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आक्काने आयुष्यात एकदाही "माझं चुकलं" म्हटलेलं नव्हतं. ते शब्द तोंडात कसे धरतात हेही तिला ठाऊक नव्हतं, गरम बटाटा धरावा तसे की कसे? आणि न सांगितलं तर? मासे मरणार, वही चुलीत जाणार, आणि ही पोरगी जन्मभर समजणार की तिचंच शिक्षण खोटं. जिचं काहीच चुकलं नाही, तिला शिक्षा. आणि शिक्षा ठरवली कोणी? आक्काने!

दुसरा तास भरत आला तशी सून चप्पल चढवू लागली. आक्का ओरडलीच, "तू बस! मी बघते!"

"तुम्ही शिडीवर?"

"का? शिडी चढायलाही तुझी वही लागते का? माझी कंबर आखडलीय. बस खाली!"

आक्का शिडीवर चढली. झाकण उचललं.

पाण्यावर फेस होता. कोणी साबणाची बादली ओतावी तसा, पिवळट, बोटभर जाड. आणि त्या फेसातून तोंडं वर आली होती. शेकडो. उघडतात, मिटतात. उघडतात, मिटतात. काल हीच तोंडं तिच्याकडे घास मागत होती. आज हवा मागत होती.

"कसे आहेत?" खालून सुनेने विचारलं.

"मजेत!" आक्काचा आवाज भांडं पडल्यासारखा निघाला.

तिने पाण्याच्या बाटलीचं टोपण काढलं आणि त्याने फेस उचलून रस्त्याकडेला टाकायला सुरुवात केली. टोपणाने! समुद्र चमच्याने उपसावा तसा हा प्रकार. मग ऑक्सिजनची चावी दिसली. तिने ती पूर्ण फिरवली. बुडबुडे उसळले, तसा फेस दुप्पट झाला. अगं बाई! तिने झाकण लावलं आणि खाली उतरली. अंगाला दरदरून घाम.

गाडी निघाली. दहा मिनिटं झाली नाहीत तोच मागून थप, थप, थप, थप!

"थांबव!" आक्का म्हणाली.

"काय झालं?"

"मळमळतंय."

थोरल्याने इतक्या जोरात मान वळवली की मानेचं हाड वाजलं. आक्काला मळमळतंय? चाळीस वर्षांत ज्या बाईला शिंक आली तर घरातले उठून बघायला यायचे, तिला मळमळतंय? गाडी थांबली. आक्का उतरली आणि ओकायला म्हणून थेट टाकीमागे गेली. शिडीवर चढून टोपणाने फेस उपसला. परत आली, ती नांगर ओढल्यासारखी धापा टाकत.

पुन्हा दहा मिनिटं. "थांबव!"

"आता काय?"

"चक्कर."

तिसऱ्या वेळी थांबून ती परत आली, तेव्हा सुनेने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा हात हातात घेतला. "आक्का, हात बर्फ झालाय तुमचा. आणि नाडी... अहो, ही नाडी बघा! पळत सुटलीय!"

"छातीत दुखतंय का, आक्का?" थोरल्याचा आवाज चिरकला.

मागून एक मोठा थप्प! मग काहीच नाही. अजिबात काहीच नाही. आक्काचा हात आपोआप छातीवर गेला आणि तोंडातून निघालं, "आई गं!"

झालं. थोरल्याने गाडी अशी सोडली की पुढची दोन कोंबड्यांसकट सगळी वाहतूक बाजूला झाली! जो माणूस तीन तास खड्ड्याला नमस्कार करून जात होता, तो आता खड्ड्यांवरून उडू लागला. मागे टाकीत पाणी आपटत होतं, धडाम, धडाम. आक्काला त्या प्रत्येक आपटण्यात शंभर मासे भिंतीवर आदळताना दिसत होते.

"हळू!" ती किंचाळली. "अरे हळू! जीव जाईल!"

"नाही जाऊ देणार, आक्का! तू धीर धर!"

"अरे मेल्या, मला काही झालेलं नाही!"

"असंच म्हणतात सगळे!" थोरला रडत होता. रडत होता! "शेवटी असंच म्हणतात!"

"शेवटी? कोणाचा शेवट? गाडी थांबव म्हणते ना!"

"बोलू नका, आक्का, ताण येतोय," सून तिला घट्ट धरून म्हणाली. "मासे गेले तर जाऊ देत. वही गेली तर जाऊ दे. तुम्ही डोळे मिटून पडा."

हे ऐकून आक्काला खरोखरच छातीत दुखलं.

पुढच्याच गावात एक दवाखाना होता. माशांची गाडी भोंगा वाजवत त्याच्या अंगणात शिरली आणि फुलझाडांच्या वाफ्याला टेकून थांबली. पाणी घालणारा माळी पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. आक्का काही म्हणायच्या आत तिला खाटेवर घातलं, छातीला तारा चिकटवल्या, तोंडाला ऑक्सिजनची वाटी लावली. आक्काने ती उपटून काढली.

"मला नको! त्यांना द्या!"

"कोणाला?" नर्सने विचारलं.

"भ्रम झालाय," थोरला हुंदका देत म्हणाला.

डॉक्टर आले. शांत माणूस, हातात पेन. "आजी, घाबरू नका. ताण घेऊ नका. मला फक्त सांगा, सकाळपासून काय काय खाल्लं?"

आक्काने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे शेकडो तोंडं. उघडतात, मिटतात. आता बोलली नाही, तर ती कायमची मिटणार होती.

"दीड घमेलं," ती म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "काय दीड घमेलं?"

"खाद्य. दाण्यांचं."

"तुम्ही खाल्लं?"

"मी कशाला खाऊ? माशांनी! पहाटे! मी घातलं!" आक्काने डोळे उघडले आणि सुनेकडे पाहिलं. "माझं... ते... माझ्याकडून घातलं गेलं. पाण्याला फेस आलाय बोटभर. माझ्या छातीला काही झालेलं नाही गं! धाव!"

सुनेचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. ती वळली आणि धावत बाहेर गेली. थोरला आधी आईकडे, मग दाराकडे, मग पुन्हा आईकडे बघत राहिला. मग तोही धावला. त्यांच्यामागून आक्काही उठली, पण छातीच्या तारांनी तिला मागे ओढलं आणि यंत्र किंकाळ्या मारू लागलं.

"आजी, दोन तास इथून हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "मासे कोणाचेही असोत, हे काळीज तुमचं आहे आणि ते फार जोरात पळतंय."

खाट खिडकीजवळ होती, एवढी एक कृपा. आक्का तारांसकट खिडकीला चिकटली.

खाली सून माळ्याला विचारत होती, "हे पाणी नळाचं की विहिरीचं?"

"विहिरीचं. का?"

"औषध मारलेलं नाही ना?"

"फुलांना कोण औषधाचं पाणी घालतं, बाई?"

मग खालची तोटी सोडली. टाकीतलं घाण पाणी वाफ्यात वाहू लागलं आणि त्याबरोबर फेस. माळी खूश झाला, म्हणाला असलं खत पैसे देऊनही मिळत नाही! त्याने पाइपाला झारीचं तोंड लावून वरून पाऊस पाडल्यासारखं पाणी सोडलं. "हळू!" सून ओरडत होती. "एकदम नको, गार-गरम होईल, घाबरतील!" तिच्या एका हातात थर्मामीटर, दुसरा हात पाण्यात. थोरला जाळीने काहीतरी उचलून बादलीत टाकत होता. एक. दोन. तीन. आक्का मोजत होती आणि प्रत्येक आकड्याला मागचं यंत्र टूं करत होतं. नऊपर्यंत गेलं.

मग थोरल्याने ऑक्सिजनचा काटा बघितला आणि डोक्याला हात लावला. नळकांडं रिकामं! आक्काने चावी पूर्ण सोडली होती ना! सुनेने सीटखालून दुसरं काढलं. ते उगाच आणलेलं. ते नुसतं ओझं.

आणि मग सगळं शांत झालं. माळी थांबला, थोरला थांबला. सून झाकणाशी वाकून बघत राहिली. किती तरी वेळ. आक्काला वाटलं, उलटले. सगळे उलटले. पांढरी पोटंच पोटं. तिने काच घट्ट धरली. कोणाकडे कधी काही न मागणारी बाई, पण त्या वेळी तिने कोणाकोणाला काय काय कबूल केलं, ते आता विचारू नका.

मग आवाज आला. थप.

सुनेने मान वर केली, खिडकीकडे पाहिलं आणि हाताने खूण केली: झोपा.

दोन तास आक्का खाटेवर पडली, दोन तास मासे अंगणात पडले. दोघांनाही आराम सांगितला होता. सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. "एकदा रक्त तपासून घेऊ. पुढच्या आठवड्यात या." आणखीही काहीतरी सांगितलं, पण आक्का तोवर शिडीवर होती.

हॉटेलच्या मागल्या फाटकात मुख्य आचारी उभाच होता. कमरेला पांढरं फडकं, हातात सुरी, कपाळाला आठ्या. "तीन तास उशीर!"

"वाटेत विसावा दिला," सून म्हणाली.

त्याने स्वतः जाळी घातली आणि एक मासा काढला. टवटवीत, रुपेरी. एका फटक्यात त्याला शांत केलं, फळीवर ठेवलं, अंगठा दाबला. आक्काने श्वास धरला. अंगठा उचलला, खड्डा क्षणात भरून आला! त्याने सुरी चालवली. मांस शुभ्र, घट्ट, काचेसारखं. नाकाशी नेऊन वास घेतला. मान डोलावली. आक्काची छाती फुगायला लागली. घाबरेल तो माझा मासा कसला, हे वाक्य तिच्या दातांपर्यंत आलंही होतं.

तेवढ्यात आचाऱ्याने आतडं उचललं. सुरीच्या टोकाने चिरलं. आत तपकिरी लगदा. खाद्याचे अर्धवट दाणे.

"हा जेवून आलाय," तो म्हणाला.

त्याने सुरी फळीवर आपटली.

"उपाशी आणायचे असतात एवढं कळत नाही? नशीब म्हणून हे मांस टिकलं. कोणी खायला घातलं?"

सुनेने वही पोटाशी धरली. "माझं लक्ष..."

"मी!" आक्का म्हणाली. इतक्या जोरात की आतल्या भांडी घासणाऱ्याने डोकं बाहेर काढलं. "मी घातलं. हिचं नाही चुकलं. माझं चुकलं." आणि गंमत बघा, शब्द तोंडात मावले! गरम होते, पण मावले.

"पण का?" आचाऱ्याने विचारलं.

"लांब जायचं होतं त्यांना."

आचारी तिच्याकडे बघत राहिला. रोज शेकडो माणसांना जेवू घालणारा माणूस तो. त्याच्या आठ्या हलल्या, मिशी हलली, मग त्याने तोंड फिरवून खोकल्यासारखं काहीतरी केलं. "सगळी गाडी उतरवा," तो म्हणाला. "वर्षाचा कागद करू."

कागद आला. आक्का शाळेत दोनच वर्षं गेलेली, पण सही स्वतःची करायची आणि न वाचता करायची नाही, हा तिचा बाणा. तिने चष्मा चढवला आणि अक्षरावर बोट ठेवून, सगळ्यांना थांबवून, मोठ्याने वाचायला घेतलं.

"अट... पहिली. गाडी... निघण्याच्या... आधी... दोन दिवस..." बोट थांबलं. ओठ मात्र हलत राहिले. मग तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागदावर तेच होतं: आक्कांना तळ्याच्या बांधावर येऊ देऊ नये.

थोरला छताकडे बघत होता. सून वहीत तोंड घालून होती, आणि वही हलत होती.

आक्काने सही केली. शेवटच्या अक्षराला पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं.

बर्फवाल्याला तिने परतल्यावर एवढंच सांगितलं, "उतरले. हसत." बाकीचं सांगायची त्याला काय गरज?

पुढच्या आठवड्यात सून तिला रक्त द्यायला घेऊन गेली. चिठ्ठीवर जे लिहिलं होतं ते सुनेने आदल्या रात्री दोनदा वाचून दाखवलं होतं: रिकाम्या पोटी यावे. सकाळी स्वयंपाकघराला कुलूप. गाडीत सून शेजारी बसून मासे नेताना बघावं तशी दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघत होती.

नर्सने दंडाला पट्टा बांधला, सुई काढली. "काही खाल्लेलं नाही ना, आजी?"

आक्काने सुनेकडे पाहिलं. सुनेने आक्काकडे पाहिलं. या खेपेला आक्काने तिसरा तास उजाडायची वाट पाहिली नाही.

"दोन उकडलेली अंडी," ती म्हणाली. "उशीखाली ठेवली होती."